थॉमस मिजली आणि गाडीतला गार वारा

डिसेंबर उजाडला की आपल्या बेटावर उन्हाचा ताव वाढतो आणि रविवारी सकाळी कितीतरी अंगणांत गाडीचे बॉनेट उघडलेले दिसू लागते. कोणी तरुण आत वाकून पाहत असतो, वडीलधारे मागे उभे राहून सल्ला देत असतात. तक्रार एकच : गाडीतले क्लीम गार वारा देत नाही. मग कोणीतरी म्हणते की गॅस संपला, भरून आणा म्हणजे झाले. हा गॅस म्हणजे काय, तो गाडीत कोठून आला आणि तो संपतो म्हणजे कोठे जातो, हे प्रश्न त्या गडबडीत मागेच राहतात. या प्रश्नांचा माग काढीत गेले तर आपण एका माणसाच्या आयुष्याशी येऊन पोहोचतो. तो माणूस म्हणजे अमेरिकेचे संशोधक थॉमस मिजली. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर फॉल्स या गावी झाला. बालपण ओहायो राज्यात कोलंबस येथे गेले. घराण्यातच शोधक वृत्ती होती. वडील गाड्यांची चाके आणि टायर यांत सुधारणा करीत, आणि आईच्या वडिलांनी लाकूड कापण्याच्या करवतीला बदलता येणारे दात बसविण्याची युक्ती काढली होती. १९११ मध्ये मिजली कॉर्नेल विद्यापीठातून पदवीधर झाले. पण लक्षात ठेवावयाचे ते हे की, पदवी यांत्रिकी अभियांत्रिकीची होती. रसायनशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी फारसे घेतले नव्हते. ज्या विषयात पुढे त्यांना अमेरिकेतले मोठमोठे सन्मान मिळाले, तो विषय ते नोकरी करता करता शिकले.

१९१६ मध्ये ते डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत लागले. गाडी हाताने फिरवून सुरू करण्याचा त्रास ज्यांनी विजेच्या स्टार्टरने घालविला, तेच हे केटरिंग. ही प्रयोगशाळा पुढे जनरल मोटर्सच्या ताब्यात गेली. मिजली यांच्याकडे पहिले मोठे काम आले ते इंजिनाच्या खटखटीचे. चढावर गाडी जोर करू लागली की इंजिनातून ठोके येत, शक्ती कमी होई आणि कधी पिस्टनही फुटे. लोक बोट दाखवीत ते केटरिंग यांच्या नव्या विजेच्या व्यवस्थेकडे. जे नवीन बसविले असेल त्याच्यावरच आळ यावयाचा, ही रीत आजही आपल्या गॅरेजांत चालू आहे.

मिजली यांनी आळ खरा की खोटा हे आधी तपासले. इंजिनाच्या आतला दाब क्षणोक्षणी कसा बदलतो ते दाखविणारे साधन त्यांनी तयार केले. त्यात दिसले की ठिणगी वेळेवरच पडते, ठोका त्यानंतर येतो. म्हणजे दोष विजेचा नव्हता, इंधन जळण्याच्या रीतीत होता. यानंतरची हकीकत गमतीची आहे. बर्फातही लवकर फुलणाऱ्या एका रानफुलाच्या पानांची मागची बाजू तांबडी असते. तांबडा रंग उष्णता लवकर शोषतो, तर इंधनच तांबडे करून पाहावे असा विचार निघाला. तेलात विरघळणारा तांबडा रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन घातले. ठोके थांबले! पुढे दुसरे तांबडे रंग घालून पाहिले तर काही उपयोग झाला नाही, आणि आयोडीनचे बिनरंगी संयुग घातले तर ठोके थांबले. रंगाचा काही संबंधच नव्हता. कल्पना चुकीची, पण सापडलेली वाट खरी. आम्हांस मिजली यांचा हा गुण फार मोलाचा वाटतो : काम झाले म्हणून ते थांबले नाहीत, कशामुळे झाले हे त्यांनी पुन्हा पारखून घेतले.

आयोडीन महाग होते आणि इंजिन खाऊन टाकी. मग शेकडो पदार्थ घालून पाहण्यात वर्षे गेली. त्यात सेलेनियम आणि टेल्युरियमची संयुगे अशी होती की त्यांचा लसणासारखा दर्प अंगाला चिकटे आणि माणसे जवळ बसेनात. अखेर मूलद्रव्यांची आवर्त सारणी समोर ठेवून कोणत्या रांगेत गुण वाढत जातो हे त्यांनी पाहिले आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथिल लेड या शिशाच्या संयुगाशी ते पोहोचले. एका गॅलनला साधारण ३ घन सेंटीमीटर एवढे थोडे घातले तरी ठोके बंद. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे हे पेट्रोल पहिल्यांदा विकले गेले. त्याला नाव दिले एथिल. त्या नावात शिशाचा मागमूस नव्हता.

शिसे विषारी आहे ही काही नवी माहिती नव्हती. शेकडो वर्षांपासून माणसाला ती होती. खुद्द मिजली यांना १९२३ च्या आरंभी अंगात शिसे भिनल्यामुळे काम सोडून फ्लोरिडात विश्रांतीला जावे लागले होते. १९२४ मध्ये डेटन येथे दोन कामगार मरण पावले. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथल्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले आणि तिसाहून अधिक आजारी पडले. वर्तमानपत्रांत गवगवा झाला तेव्हा ३० ऑक्टोबर रोजी मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखविली. विषबाधेचा अनुभव अंगावर असलेल्या माणसाने हे करावे, याचे आम्हांस आजही नवल वाटते. १९२५ मध्ये सरकारी चौकशीसाठी विक्री काही काळ थांबली, १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि पुढे जवळजवळ सगळ्या जगाच्या गाड्या शिशाच्या पेट्रोलवर धावू लागल्या.

दुसरा उपाय नव्हता असेही नाही. पेट्रोलात मद्यार्क मिसळला तर ठोके थांबतात हे मिजली यांना चांगले ठाऊक होते. तशी मिश्रणे त्यांनी स्वतः वापरून पाहिली होती. उसाच्या मळीपासून मद्यार्क गाळता येतो हे आपल्या साखरेच्या बेटावर कोणाला सांगावयास नको. पण जो कोणीही गाळू शकतो, त्याच्यावर एका कंपनीचा हक्क कसा राहणार? शिशाचा धूर लहान मुलांच्या मेंदूवर किती घात करतो हे पुढच्या काळातल्या शास्त्रज्ञांनी दाखविले. गाड्यांसाठी असे पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री २०२१ मध्ये बंद झाली.

आता गार वाऱ्याकडे येऊ. १९२८ मध्ये केटरिंग यांनी मिजली यांना दुसरे काम सांगितले. जनरल मोटर्सची फ्रिजिडेअर ही शाखा घरगुती फ्रिज बनवीत असे. त्या काळच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे वायू असत. नळी गळली तर घरातल्या माणसांच्या जिवावर बेते. मिथाइल क्लोराइडला तर वासही नसल्यासारखाच, त्यामुळे झोपेतच माणसे दगावत. पाहिजे होता असा वायू की जो सहज उकळेल आणि सहज पुन्हा द्रव होईल, पण जळणार नाही आणि विषारीही असणार नाही.

मिजली यांनी पुन्हा आवर्त सारणी उघडली. अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनेरी हे सहकारी त्यांच्यासोबत होते. बोट येऊन थांबले ते फ्लोरीनवर. फ्लोरीन म्हणजे भयंकर दाहक, त्यामुळे त्याच्या वाटेला कोणी जात नसे. वायू तयार करण्यासाठी अँटिमनीचे एक फ्लोरीनयुक्त संयुग लागणार होते. त्याच्या पाच छोट्या बाटल्या मागविल्या. त्यांतली एक सहज उचलून थोडासा वायू केला, काचेच्या हंडीखाली एका गिनी पिगला ठेवून तो आत सोडला. प्राण्याला काही झाले नाही. दुसऱ्या बाटलीचा वायू केला आणि दुसरा प्राणी तडफडून मेला. शोधता शोधता कळले की पाचांपैकी चार बाटल्या अशुद्ध होत्या आणि त्यांतून फॉसजीन हा युद्धात वापरलेला विषारी वायू निघत होता. पहिल्या खेपेस हाताला लागली ती एकच शुद्ध बाटली. ती नसती उचलली तर हा नाद तेथेच सुटला असता, असे मिजली पुढे सांगत. वायू अशुद्धता काढून धुऊन घेतला की निर्धोक ठरे.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटा येथे रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि हळूच फुंकर घालून जळती मेणबत्ती विझविली. एका फुंकरीत दोन्ही गोष्टी सिद्ध : विषारी नाही, पेटत नाही. फ्रिऑन या नावाने तो विकला जाऊ लागला. त्यांतला सर्वांत अधिक चाललेला प्रकार म्हणजे आर-१२. जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी हे नाव आजही आहे.

गाडीत हा वायू आला तो पॅकार्ड कंपनीमुळे. १९४० सालच्या नमुन्याच्या गाडीत तिने कारखान्यातूनच वातानुकूलन बसवून देण्यास आरंभ केला. किंमत २७४ डॉलर जादा. यंत्राचा मोठा भाग मागच्या डिकीत असे. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे गार वारा नको झाला तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचे आणि पट्टाच काढून ठेवायचा! थोड्याच दिवसांत तो नाद सुटला. १९५४ मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा बॉनेटखाली आणली. आज आपल्या गाडीत जी मांडणी दिसते ती मुळात तीच.

ही मांडणी अंगणात उभे राहूनही समजण्यासारखी आहे. कॉम्प्रेसर वायू दाबतो, तेव्हा तो तापतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, त्याची उष्णता बाहेरच्या वाऱ्याला जाते आणि वायूचा द्रव होतो. पुढे एका बारीक छिद्रातून तो सुटतो, डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. मग पुन्हा कॉम्प्रेसरकडे. पेट्रोल जळून जाते तसा हा गॅस कधीच जळत नाही. तोच तो फिरत राहतो. म्हणून गॅस संपला हे म्हणणेच बरोबर नाही. कमी झाला असेल तर तो कोठूनतरी बाहेर गेला आहे.

तेव्हा तपासणीचा क्रमही मिजली यांच्याच रीतीचा ठेवावा : आळ घेण्याआधी पाहणे. वारा मुळातच कमी येतो, की भरपूर येतो पण गरम येतो? कमी येत असेल तर गॅसचा काही दोष नाही. आतल्या हवेची चाळणी धुळीने भरली असेल किंवा पंखा मंद झाला असेल. वारा भरपूर पण गरम असेल तर इंजिन चालू करून कॉम्प्रेसरकडे पाहावे, मात्र हात, ओढणी, टाय पट्ट्यापासून दूर ठेवून. बटण दाबताच टक् असा आवाज होऊन पुढची थाळी फिरू लागली पाहिजे. फिरत नसेल तर फ्यूज आणि रिले पाहावे. ते ठीक असतील तर बहुधा गॅस इतका कमी आहे की दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. काही हुशार मंडळी या स्विचला तार जोडून कॉम्प्रेसर बळेच फिरवितात. हे करू नये. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस नसेल तर तेलही परत येत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो. दोनशे रुपयांच्या नळीपायी हजारांचा खर्च.

गाडी रस्त्यावर धावताना गार, पण वाक्वाच्या बाजारात गर्दीत थांबली की गरम, असे होत असेल तर कंडेन्सरचा पंखा पाहावा, आणि जाळीत पाने व धूळ अडकली आहे का तेही. पाण्याच्या हलक्या धारेने ती धुवावी. जोराच्या धारेने पातळ पत्रे वाकतात. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या गाड्यांना खारा वारा ही जाळी लवकर खातो. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर घाबरू नये, हवेतली वाफच तेथे निथळते. उलट पाणी बाहेर न येता पायाखालची सतरंजी भिजू लागली तर निचऱ्याची नळी तुंबली असे समजावे. आणि गळती शोधायची तर सांध्यांपाशी तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधावा. गॅस दिसत नाही, पण त्याच्यासोबत निघालेले तेल चहाडी करते.

घरच्या हातांचे काम येथे संपते. सांधा सैल करून उरलेला गॅस फुस्सकन सोडून देणे हे दुरुस्तीत धरू नये. एक तर सुटणारा द्रव कातडीला आणि डोळ्याला गोठवून टाकतो. शिवाय दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून देणारे गॅरेज स्वस्त वाटले तरी ते गळती दुरुस्त करीत नाही. नीट काम म्हणजे जुना गॅस यंत्राने ओढून बाटलीत घेणे, गळका भाग बदलणे, पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढून टाकणे आणि मग बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिले असेल तेवढाच गॅस तोलून भरणे.

सोडून दिलेला गॅस जातो कोठे, हा प्रश्न मिजली यांच्या हयातीत कोणी विचारला नाही. आर-१२ विषारी नाही, पेटत नाही, कशाशी मिसळत नाही. हाच त्याचा गुण. पण जो कशानेच मोडत नाही तो हवेत साधारण शंभर वर्षे टिकतो आणि हळूहळू वर चढतो. वरच्या थरात सूर्याचे तीव्र किरण त्याला फोडतात, क्लोरीन मोकळा होतो आणि त्याचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडीत जातो. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी हे १९७४ मध्ये मांडले. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट जाहीर केली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला. १९९२ मध्ये आपला मॉरिशसही त्यात सामील झाला. या गोष्टीत गाडीचा वाटा मोठा होता. घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर डब्यात बंद असतो, पण गाडीचा पट्ट्यावर फिरतो, त्याच्या नळ्या रबरी असतात आणि सगळे रात्रंदिवस हादरत असते. म्हणून गाडी फ्रिजपेक्षा पुष्कळ अधिक गळते.

शिसे आणि फ्रिऑन या दोन्हींचा दोष मिजली यांच्या माथी एकाच मापाने मारण्याची पद्धत पडली आहे. आम्हांस ते पटत नाही. फ्रिऑनच्या बाबतीत त्यांनी समोरच्या माणसाचा जीव वाचविला. आकाशात काय होईल हे कळण्याची साधनेच त्या काळी नव्हती. शिशाचे तसे नव्हते. तेथे मेलेले कामगार समोर होते, स्वतःचे आजारपण समोर होते, दुसरा उपाय हाताशी होता, तरी हात धुऊन दाखविले गेले. आणि आज अंगणात सांधा सैल करणाऱ्याला फ्रिऑनच्या मिजलींसारखे अजाण म्हणता येणार नाही.

मिजली यांना सन्मान पुष्कळ मिळाले. १९३७ मध्ये पर्किन पदक, १९४१ मध्ये प्रीस्टली पदक, १९४४ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्षपद. शंभराहून अधिक पेटंटे त्यांच्या नावावर होती. पण १९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला आणि पाय गेले. बिछान्यातून उठता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची एक व्यवस्था स्वतःच बनविली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी ओहायोतील वर्दिंग्टन येथील घरी त्याच दोऱ्यांत गळा आवळला जाऊन त्यांचा अंत झाला. तो अपघात होता की त्यांनी जाणूनबुजून केले, याविषयी चरित्रकारांत एकमत नाही. त्या वेळी ते ५५ वर्षांचे होते आणि जग त्यांना उपकारकर्ता मानीत होते.

आर-१२ ची जागा १९९० नंतर आर-१३४ए ने घेतली. त्याने ओझोनला धक्का लागत नाही, पण पृथ्वी तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून पुढे आहे. म्हणून अलीकडच्या गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो, जो त्या बाबतीत सौम्य पण थोडासा पेट घेणारा आहे. मिजली यांची मेणबत्ती त्याच्यापुढे धरता यावयाची नाही. हे तीन गॅस एकमेकांत मिसळता येत नाहीत, आर-१२ आणि आर-१३४ए यांची तेलेही निराळी असतात, आणि चूक होऊ नये म्हणून भरण्याची तोंडे मुद्दाम वेगळ्या घडणीची ठेवलेली असतात. तेव्हा गाडी दुरुस्तीला नेण्यापूर्वी बॉनेटखालची चिठ्ठी वाचून गॅसचे नाव आणि वजन कागदावर उतरवून घ्यावे. आणि ज्यांच्या शेडमध्ये १९९० च्या आधीची एखादी जुनी गाडी उभी आहे, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी तिच्यातला उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यावयास सांगावे. नळी कापू देऊ नये.